“यादीत नाव नाही, मग लीगल आहे” असं कुणी सांगितलं तर काय बघायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांनी आणि मेडिकलवाल्यांनी हे एकदा वाचाच. पोरांना सांगितलं जातंय की ही पावडर बंदीच्या मालासारखीच आहे पण केमिकल जरा वेगळं, कायदा लागत नाही. यातलं थोडं खरं आहे आणि तेवढ्यावरच पोरं फसायलेत.

अमेरिकेत १९८६ पासून अ‍ॅनालॉगचा (म्हणजे बंदीच्या ड्रगसारखाच, पण केमिकल जरा बदललेला माल) वेगळा कायदा आहे, रचना बंदीच्या ड्रगशी बरीच जुळती, परिणाम तसाच किंवा विकणारा तसा सांगतोय आणि माल माणसानं घ्यायसाठी आहे, एवढं सिद्ध झालं की यादीत नाव नसलं तरी केस होते. “बरीच जुळती” म्हणजे किती, यावर तिकडं कोर्टात वाद चालतात. आपल्याकडं असं सरसकट कलम नाही, १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा सिंथेटिक (केमिकलनं बनवलेल्या) मालासाठी मुख्यतः यादी बघतो.

म्हणून यादी नीट बघायला यायला पाहिजे. ब्रँडचं नाव सोडा, स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात घटक असतोय तो वाचा. समजा “ट्रामाडॉल हायड्रोक्लोराइड” (वेदनेवरचं औषध) आहे. यादीत नुसतं ट्रामाडॉल आहे (२०१८ ला घातलं), म्हणून हायड्रोक्लोराइड सुटलं असं अजिबात नाही, यादीच्या शेवटच्या नोंदीत वरच्या सगळ्यांचे सॉल्ट आणि त्यापासून केलेली औषधं एकदमच घेतलीत. लेबलवर वर डाव्या कोपऱ्यात लाल एनआरएक्स (NRx) ही अक्षरं दिसली तर ते औषध एनडीपीएसमधलं समजा, चिठ्ठीशिवाय हात लावू नका.

दुसरं, जुन्या पुस्तकातली यादी चालत नाही. कलम ३ खाली केंद्र सरकार गॅझेटमध्ये नोटिफिकेशन काढून नाव घालतं, केटामाइन २०११ ला आलं, एमडी म्हणजे मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ ला. त्यामुळं ताजं गॅझेटच बघा, आणि कोगनोळी नाक्यापलीकडं महाराष्ट्रात किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं तरी कायदा हाच, केंद्राचा आहे.

वजनाचं तर फार वाईट आहे. मेफेड्रोन ५० ग्रॅमच्या वर गेलं की कमर्शियल, म्हणजे धंद्याचा माल धरतात, कमीत कमी १० वर्षं शिक्षा आणि जामीन मिळणं महाकठीण. त्यात मैदा मिसळला असला तरी अख्खं वजन धरतात, सुप्रीम कोर्टानं २०२० ला हे पक्कं केलंय.

यादीत नाव नसलं तरी लायसन्सशिवाय औषध विकणं हा वेगळा गुन्हा आहेच, आणि पुडीत नेमकं काय आहे ते लॅबशिवाय विकणाऱ्याला पण कळत नाही.

पोरगं आधीच अडकलं असेल तर लपवू नका. माल थोडा असेल आणि त्यानं स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार पूर्ण घेतला तर कलम ६४अ खाली खटल्यातून सूट आहे. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेता येते. आपल्याला धारवाडचं डिमहान्स (मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल) जवळ आहे, व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला १४४४६ वर फोन पण करता येतोय.