काडतुसं महागली की घ्यायची कशी

फौजेतून सुटल्यापासून मी मानवतला एका कापसाच्या जिनिंगवर गार्ड आहे. बंदूक स्वतःच्या लायसनची, बारा बोअर, दोन नळ्यांची. कापसाचा हंगाम आला की नव्या गार्डांचे फोन सुरू होतात, "काका, दुकानदार काडतुसाचा भाव एकदम वाढवून सांगायलाय, घ्यावं का थांबावं?"

भाव चढायचं कारण बहुतेक वेळा गर्दीच असतं. आचारसंहिता लागली की कुणाची हत्यारं जमा करायची ते जिल्ह्याची समिती ठरवते. 2024 ला लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात झाल्या. विधानसभेचा निकाल लागला 23 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन कापसात. जमा केलेल्या बंदुका परत हातात आल्या की सगळे एकदाच दुकानात. मृगाच्या तोंडावर बियाण्याला लागते तशी रांग. अमेरिकेत 2020 साली लोकांनी खोकीच्या खोकी भरून ठेवली आणि दुकानं रिकामी पडली. आपल्याला तसं भरता येत नाही. एका वेळी किती आणि वर्षात किती, हे लायसनवरच लिहिलेलं असतं.

म्हणून खरेदी होळीनंतर करा, जिनिंग थंडावल्यावर. तेव्हा दुकानदारालाही बोलायला वेळ असतो. आधी लायसनची मुदत बघा. नूतनीकरण अडकलं असेल तर स्वस्त मालाचा काय उपयोग? मग परभणी, नांदेड, संभाजीनगर, जमेल तिथं फोन करून जीएसटी धरून भाव विचारा. लायसनचं क्षेत्र जिल्ह्यापुरतंच असेल तर बाहेर जाण्याआधी शस्त्र शाखेत विचारून घ्या.

टंचाईत माणूस मिळेल ते उचलतो, आणि खरा धोका इथंच आहे. जुन्या बंदुकीचा चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, पुष्कळदा 65 मिलिमीटरचा असतो. त्यात 70 चं काडतूस बसतं, बंदूक बंदही होते, पण उडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा अपुरी पडते आणि दाब वाढतो. बंदूक खोलून नळीच्या खालचा मापाचा शिक्का वाचा. शिक्का पुसला असेल तर परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या. दुकानदार "चालतंय हो" म्हणाला तरी मापाबाहेरचं घेऊ नका. पितळ हिरवं पडलेलं, तोंड फुगलेलं काडतूस तर फुकटातही नको.

बिल घ्या, लायसनवरची नोंद तिथंच उभं राहून वाचा. घरी कुलपात, कोरड्या डब्यात ठेवा. तेलाचा हात लावू नका, तेल आत मुरलं की बार फुसका जातो.

हंगामात अडलंच तर शेजारच्या गार्डकडून चार काडतुसं उसनी आणायची नाहीत; तो गुन्हा आहे, दोघांचाही. मालकाला स्पष्ट सांगा, अमुक काडतुसं शिल्लक आहेत, भाव हा आहे, निम्मे पैसे द्या. आमचा मालक कुरकुरला, पण दिले.