बदलीच्या सामानात देवांचा डबा वेगळा ठेवा

फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बदली. देव ट्रकातल्या काळ्या पेटीत अडकतात, नव्या क्वार्टरमध्ये आठ-आठ दिवस दिवा लागत नाही, घर परकंच वाटतं. उदगीरच्या माझ्या सासूबाईंनी शिकवलेली ही रीत:

१. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. तळाला चार बोटं तांदूळ. तुळजाभवानीचा, खंडोबाचा टाक सुती फडक्यात गुंडाळून त्यात रोवा, वरून पुन्हा तांदूळ. टाक एकमेकांवर घासत नाहीत.

२. निरांजन, वाती, कुंकू त्यातच. डबा ट्रकात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

३. आदल्या रात्री प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहावं, इथलं काय सुटतंय. चिठ्ठ्याही डब्यात. माझ्या लेकीनं लिहिलं होतं, ‘गेटजवळची मांजर’.

४. नव्या घरी पेट्या उघडण्याआधी दिवा लावा, मग चिठ्ठ्या वाचा. लेकरू रडलं तर रडू द्या. ‘फौजीची लेकरं रडत नसतात’ हे वाक्य तेवढं टाळा, फार खोल लागतं ते. त्याच तांदळाचा पहिला भात लावा.

कापूर आणि काडेपेटी मात्र डब्यात नको. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाहीत. त्या नव्या गावातच घ्या.