निशला दोन दिवस फिरायला जाताय? या चुका टाळा

सर्बियाची राजधानी बेलग्रेडहून निश हे शहर सुमारे 240 किलोमीटरवर आहे, बसने तीनेक तास लागतात. त्यामुळे बरेच जण सकाळी येतात, कवट्यांचा मनोरा बघतात, किल्ल्याच्या दारात फोटो काढतात आणि संध्याकाळी परत फिरतात. सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन जिथे जन्मला, तुर्कांनी जिथे किल्ला बांधला आणि नाझींनी जिथे छळछावणी उभारली, ते सगळं एकाच गावात आहे. घाईघाईत यातलं काहीच नीट बघून होत नाही. निशला किमान दोन मुक्काम ठेवा.

आता व्हिसा. भारतीयांना सर्बियात व्हिसा लागत नाही, असं अजूनही कित्येक जुन्या लेखांत सापडतं. ती सवलत 2022 संपताना बंद झाली. 1 जानेवारी 2023 पासून व्हिसा लागतो. मात्र शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा), ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर त्यावर सर्बियात जाता येतं. निघण्यापूर्वी दिल्लीतल्या सर्बियन दूतावासाकडून खात्री करून घ्या, कारण हे नियम बदलत असतात.

यातही एक खाच आहे. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. म्हणजे जर्मनीहून निशला गेलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. परत जर्मनीत यायचं तर दुसरा प्रवेश लागणार. मी म्युनिकला ताईकडे गेले होते, तेव्हा सगळा बेत ठरला होता. तिकिटं काढायच्या आधी ताईने माझा पासपोर्ट उघडला आणि व्हिसावर बोट ठेवून म्हणाली, "अगं, इथे 01 लिहिलंय. जाशील, पण परत कशी येशील?" 01 म्हणजे एकदाच प्रवेश. ती सहल तिथेच राहिली. पुढच्या खेपेला मी मल्टिपल एंट्रीचा व्हिसा मागून घेतला.

हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेलच करतं. खासगी फ्लॅट घेतलात तर ही नोंद 24 तासांत घरमालकाने करायची असते. तिच्या कागदाला तिथे 'बेली कार्टोन' म्हणतात. पोहोचल्या पोहोचल्या मागून घ्या.

वार बघून जा. आम्ही रविवारी रात्री पोहोचलो आणि सोमवारी सकाळी उत्साहाने निघालो, तर संग्रहालयाच्या फाटकाला कुलूप. सोमवार हा तिथला सुट्टीचा वार. किल्ला मात्र उघडा असतो आणि आत जायला तिकीट नाही, त्यामुळे तो दिवस किल्ल्यात आणि निशावा नदीच्या काठी गेला. 1719 ते 1723 या काळात बांधलेल्या या किल्ल्याच्या मुख्य दाराचं नाव स्तंबोल कापिया, म्हणजे इस्तंबूल दरवाजा. आपल्याकडे शनिवारवाड्याला दिल्ली दरवाजा आहे, तसाच हा! आत बाली बेगची जुनी मशीद आहे. उगाच एखादा तास ठेवू नका, अर्धा दिवस ठेवा.

दिशा न बघता ठिकाणं ठरवली की टॅक्सीत पैसे आणि वेळ दोन्ही जातात. चेले कुला (कवट्यांचा मनोरा), मेदियाना (कॉन्स्टंटाइनच्या काळातल्या महालाचे अवशेष) आणि निश्का बान्या हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, ही तिन्ही ठिकाणं शहराच्या पूर्वेला एकाच रस्त्यावर आहेत. शहराची 1 नंबरची बस त्याच रस्त्याने जाते. एक दिवस तिकडे द्या. त्स्र्वेनी क्र्स्त ही छळछावणी किल्ल्यापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, ती किल्ल्याच्या दिवसाला जोडा.

चेले कुलाला लोक पाच मिनिटं देतात, याचं मला फार वाईट वाटतं. 1809 मध्ये चेगारच्या टेकडीवर तुर्कांशी लढताना सर्बांचा पराभव होत आला, तेव्हा सर्ब सरदार स्तेवान सिंजेलिचने दारूगोळ्याच्या कोठारावर गोळी झाडली आणि स्वतःसकट दोन्ही बाजूंच्या माणसांसह सगळं उडवून दिलं. नंतर तुर्की सेनापती हुर्शीद पाशाने मेलेल्या सर्बांच्या कवट्या भिंतीत बसवून हा मनोरा उभा केला, तोही इस्तंबूलच्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला धाक बसावा म्हणून. तेव्हा 952 कवट्या होत्या, आज 58 उरल्यात. 1892 मध्ये मनोऱ्याभोवती छोटं प्रार्थनामंदिर बांधलं, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. आत गेल्यावर नजर आधी कवट्यांवर जाते. थोडं थांबलात की रिकाम्या खोबणी दिसू लागतात, ओळीच्या ओळी. कित्येक कवट्या घरच्यांनीच रात्री काढून नेऊन पुरल्या. मला त्या खोबणींसमोरून हलवेना. इथे सेल्फी काढू नका, एवढी विनंती.

त्स्र्वेनी क्र्स्तलाही हेच. 12 फेब्रुवारी 1942 रोजी इथून 105 कैदी निसटले. शहराच्या नैर्ऋत्येला बुबान्यच्या टेकडीवर, जिथे या छावणीतल्या कैद्यांसह हजारो लोकांना नाझींनी गोळ्या घातल्या, तिथे 1963 पासून तीन मुठींचं स्मारक उभं आहे. ही दोन ठिकाणं एका पाठोपाठ बघितली तरच जोड लागते.

शाकाहारींनी एक शब्द नीट समजून घ्यावा: 'पोस्नो', म्हणजे उपवासाचं. त्यात दूध, अंडी, मांस नसतं, पण मासा चालतो! तेव्हा मासाही नको, हे वेगळं सांगा. भाजलेल्या घेवड्याचं प्रेब्रानात्स पोटभरीचं आहे, तरी मांस घातलंय का ते विचारून घ्या. सकाळी बुरेकच्या (पातळ पापुद्र्यांच्या भरलेल्या पेस्ट्रीच्या) दुकानात 'सा सिरोम', म्हणजे चीजचा, मागा. सोबत पेल्यातून दही येतं, ताकासारखं प्यायचं. गरम बुरेक आणि ते गार दही, त्यावर दुपारपर्यंत भूक लागत नाही.

पैसे दिनारमध्ये लागतात. एका युरोला साधारण 117 दिनार मिळतात. रुपये बदलून मिळतील या भरवशावर जाऊ नका, युरो घेऊन जा. हॉटेलात जेवल्यावर दहा टक्के ठेवायची पद्धत आहे, आणि त्याला ते 'बक्शिश' म्हणतात.

ऑगस्टमध्ये किल्ल्यात निशविल हा जॅझ महोत्सव असतो. तेव्हा खोली आधीच धरून ठेवा. उन्हाळा कडक असतो, मे-जून किंवा सप्टेंबर बरा.

कॉन्स्टंटाइनचं ब्राँझचं मस्तक 1900 मध्ये निशावा नदीवर पूल बांधताना सापडलं. निशमध्ये मूळ मस्तक शोधत फिरू नका, ते बेलग्रेडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. परतताना बघायचं असेल तर तोही दिवस सोमवार येऊ देऊ नका.