सात दिवसांत एक माहितीपट : मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून सुरुवात

1976 ते 1984 या काळात काही फ्रेंच भाषिक वाहिन्यांवर ‘ला कूर्स ओतूर द्यु मोंद’, म्हणजे ‘जगाभोवतीची शर्यत’, ही स्पर्धा चालत असे. तरुण, हौशी स्पर्धक एकट्याने सुपर-8 हा फिल्मचा छोटा कॅमेरा घेऊन देशोदेशी फिरत, छोटे माहितीपट चित्रित करत आणि रिळे संकलनाच्या लेखी आराखड्यासह विमानाने पाठवून देत. पुढे कॅनडात ही स्पर्धा नव्या रूपात सुरू झाली आणि तिचे 1990-91 चे पर्व देनी विलनव यांनी जिंकले, जे आज नावाजलेले चित्रपट दिग्दर्शक आहेत. एकटा माणूस, एक आठवडा आणि एक विषय हा त्या स्पर्धेचा शिरस्ता सांगली जिल्ह्यात घरबसल्या पाळता येतो, आणि माझ्या मते नवशिक्यासाठी याहून चांगली तालीम नाही.

विषय निवडताना ‘मिरजेची तंतुवाद्ये’ असा अवाढव्य विषय घेऊ नये. ‘एका तंबोऱ्याची जवारी काढणे’, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करणे, एवढाच घ्यावा. पहिले दोन दिवस कॅमेरा न काढता कारागिरांजवळ बसावे, त्यांची कामाची वेळ आणि खिडकीतून येणारा उजेड लक्षात घ्यावा, आणि चित्रीकरणाची परवानगी मालकांइतकीच काम करणाऱ्या कारागिरांचीही घ्यावी.

जवारी काढताना कारागीर घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीने अगदी हलक्या हाताने घासतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात. मग तारेखाली ‘जीव’ म्हणजे दोरा सरकवतात आणि तो केसभर पुढेमागे करताना एका जागी बसका आवाज एकदम खुलतो, गुंजू लागतो. तुमच्या माहितीपटाचा गाभा हाच क्षण आहे. तो एकाच अखंड शॉटमध्ये टिपावा. तिथे कट घेतला, तर दोऱ्यामुळे काय घडले हे प्रेक्षकाला ऐकूच येणार नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात छताच्या पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणात मिसळली आणि सगळी सकाळ वाया गेली. तेव्हापासून मी पंखा बंद करण्याची विनंती आधीच करतो आणि आवाजासाठी दुसरा फोन वाद्यापासून हातभर अंतरावर घडी केलेल्या पंच्यावर ठेवतो.

सुपर-8 च्या एका काडतुसात (फिल्मच्या बंद डबीत) 50 फूट फिल्म असे आणि सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने ती अडीच मिनिटांत संपे. मोबाइलवर असे बंधन नसल्यामुळे ते आपणच घालून घ्यावे: चार मिनिटांच्या माहितीपटासाठी वीस मिनिटांहून जास्त चित्रण करू नये. रोज संध्याकाळी वहीत प्रत्येक शॉटचा क्रमांक, त्यात काय दिसते, काय ऐकू येते आणि तो कोठे बसेल हे लिहावे. दूरवरच्या संकलकाला केवळ या वहीवरून माहितीपट जोडता आला पाहिजे, इतकी ती स्पष्ट असावी. संकलनाला बसण्याआधी ती मित्राला वाचायला द्यावी. जिथे तो अडखळेल, तिथला शॉट राहून गेलेला असतो आणि तो दुसऱ्या दिवशी टिपता येतो.

निवेदन सर्वांत शेवटी लिहावे. शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याच्या कलेचा पाया घातला, हे एका वाक्यात सांगून थांबावे. घासण्याचा आवाज चालू असताना निवेदन पूर्ण बंद ठेवावे.

सातव्या दिवशी तयार माहितीपट आधी त्याच दुकानात, इअरफोन लावून, कारागिरांना ऐकवावा. तंबोऱ्याचा आवाज पत्र्यासारखा येतो असे त्यांनी म्हटले, तर ध्वनिमुद्रण पुन्हा करावे.