प्रोसेस (म्हणजे क्लायंटचं काम) फिलिपिन्सच्या मनिलाला चाललीय? राजीनामा लिहायची घाई करू नका

अमेरिकेतली कॉल सेंटरची कामं हिंजवडी-खराडीत आली तेव्हा तिकडच्या लोकांचं जे झालं तेच आता आपल्या काही पोरांचं होतंय. एचआर गोड बोलून म्हणेल, "स्वतःहून रिझाइन करा, रेकॉर्ड क्लीन राहील." सही करू नका, कारण राजीनामा दिला की कपातीची भरपाई गेली. कंपनीने काढलं आणि तुमचं काम मॅनेजर-सुपरवायझरचं नसेल, वर्ष भरलेलं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळायला हवा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी, म्हणजे बेसिक-डीए २६,००० आणि सहा वर्षं असतील तर ९०,०००.

लॅपटॉप जमा करायच्या आधी सॅलरी स्लिपा, अपॉइंटमेंट लेटर स्वतःच्या मेलवर घ्या (क्लायंटचा डेटा अजिबात नको, उगाच केस अंगावर येईल). यूएएनला (पीएफच्या नंबरला) स्वतःचाच मोबाइल नंबर लिंक आहे ना बघा. मनिलाच्या टीमला केटी (काम शिकवून सोपवणं) द्यायला लावतील, द्या बापडे, पण शेवटची तारीख मेलवर लेखी मागा. तोंडी काही ऐकून घ्यायचं नाही. नाहीच दाद दिली तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात लेखी तक्रार, पोच घेऊन.