चांगदेवच्या संगमावर मोटारीची नाव उतरवण्याआधी

ही नाव बॅटरी आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या विजेच्या मोटारीची. पावसाळा सरू द्या. हतनूर धरणाचे 41 दरवाजे खाली येऊन तापी-पूर्णेची ओढ थांबली की मगच नाव पाण्यात घाला.

आधी मोटारीवरची पाटी वाचा. एक एचपीची सिंगल फेज मोटार चालताना सहा-सात अँपिअर घेते, पण उठताना पाच-सहा पट मागते, म्हणजे क्षणभर सात-आठ हजार व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). घरातल्या 900 व्हीएच्या इन्व्हर्टरचं हे कामच नाही. मी तीन केव्हीएचा लावून पाहिला, तोही ओव्हरलोड दाखवून बंद पडला. म्हणून माझं मत थ्री फेज मोटार आणि व्हीएफडी, म्हणजे इन्व्हर्टरच्या सिंगल फेजवरून थ्री फेज काढून मोटारीचा वेग सांभाळणारा डबा, असं आहे. त्यावर मोटार हळूहळू वेग धरते, झटका बसत नाही. लहान मोटारींची वायंडिंग बहुधा 415 व्होल्टसाठी स्टार पद्धतीने जोडलेली असते. सहाही टोकं बाहेर असतील तर वायंडिंगवाल्याकडून ती जोडणी डेल्टा पद्धतीची करून घ्या, मग 230 वर चालतात. इन्व्हर्टर मात्र प्युअर साइन वेव्हचाच हवा.

मग बॅटरीचा हिशोब वहीत मांडा. एक एचपी म्हणजे 746 वॅट. मधली तूट धरून बॅटरीतून 1200 च्या आसपास जातात, 12 व्होल्टवर 100 अँपिअर. 150 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी दीड तास चालेल असं समजू नका. तो आकडा सहसा 20 तासांच्या संथ वापराचा असतो. निम्म्यावर थांबायचं ठरवलं तर जेमतेम अर्धा तास मिळतो. 24 व्होल्टचा इन्व्हर्टर आणि सिरीजमध्ये दोन बॅटऱ्या घेतल्या की करंट निम्मा होतो. केबल जाड, तांब्याची आणि आखूड, टोकांचे लग्स दाबून बसवलेले, आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसला लागूनच. पन्नास-साठ किलोची एकेक बॅटरी नावेच्या मध्यावर, तळाशी, पट्ट्याने आवळा. खोकं हवाबंद नको, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. इन्व्हर्टर सावलीत ठेवा. भुसावळकडच्या ऊन्हात तो तापून कट होतो.

सगळ्यात जास्त वेळ अर्थिंगला द्या. ओल्या नावेत 230 व्होल्ट जीव घेतात. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवाच, पण टेस्टचं बटण दाबल्यावर पडली म्हणून निश्चिंत होऊ नका. इन्व्हर्टरचा न्यूट्रल बॉडीशी जोडलेला नसेल तर बटणावर ती पडते, माणसाला झटका बसताना पडत नाही. तो जोड त्या इन्व्हर्टरला चालतो का हे जाणत्या वायरमनकडून पाहून घ्या, आणि मोटारीची बॉडी व लोखंडी नाव एकाच हिरव्या वायरने बांधा.

पहिली फेरी काठाकाठाने, अंगात लाइफ जॅकेट, आणि वल्ही नावेतच.