पेटीतलं खलाशाचं मेडल कसं ओळखायचं

आधीच सांगतो, घासू नका. आमच्या आत्यानं सासऱ्याच्या पेटीतलं मेडल चिंच लावून समईसारखं लख्ख केलं, राजाचं नाकच सपाट झालं, तवापासून दिसेल त्याला हेच सांगायलोय.

मराठवाड्यात समुद्र कुठला, म्हणून मेडल दिसलं की आपण सरळ फौजेचं समजतो. आत्याचं सासर मूळ रत्नागिरीकडचं, म्हणून मला शंका आली. धातू बघा. ब्राँझचं गोल मेडल, एका बाजूला मुकुट नसलेला इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज, पालथं केलं की खवळलेल्या समुद्रात आगबोट, बुडती पाणबुडी, मागं शिडाचं जहाज आणि खाली इंग्रजीत १९१४-१९१८, असं असेल तर ते पहिल्या महायुद्धातल्या व्यापारी जहाजावरच्या खलाशाचं, मर्कंटाइल मरीन वॉर मेडल. चित्रात पाणबुडी बुडायलीय, खरं तर पाणबुड्यांनीच हजारो जहाजं बुडवली, पण मेडलवर तसं कोण कोरणार राव!

मग कड बघा. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून मेडल हळूहळू फिरवायचं, नाव ठोकलेलं दिसतं. नुसतं नाव, हुद्दा नाही का जहाज नाही.

खरी मजा मेडल जिला लटकतं त्या कापडी पट्टीत आहे. हिरवा, मधे बारीक पांढरा, मग लाल. आमच्याकडं एकजण म्हणे झेंड्याचीच पट्टी आहे. तसं नाही, हे जहाजाचे रात्रीचे दिवे आहेत, उजव्या अंगाला हिरवा, डाव्या अंगाला लाल, डोलकाठीवर पांढरा. मेडल लावताना हिरवा रंग लावणाऱ्याच्या उजव्या हाताकडं येतो, म्हणजे तो माणूस समोर उभा राहिला की अंधारातून आपल्याकडं जहाजच यायलंय असं समजा. आणि युद्धात पाणबुडीच्या भीतीनं हेच दिवे विझवून जहाजं हाकायचे.

सहा टोकांची चांदणी असेल तर ती दुसऱ्या महायुद्धाची. त्यात अटलांटिक स्टारची पट्टी निळी, पांढरी, समुद्री हिरवी, रंग एकमेकांत विरघळलेले. बहुतेक चांदण्यांवर नाव नसतं, म्हणून सोबतचं पाकीट, कागद फेकू नका.

पट्टी धुवायची नाही, सुती कापडात गुंडाळून ठेवायची. आत्यानं तर नवी पट्टी आणून उलटी शिवली, लाल उजवीकडं. भिंतीवरच्या फोटोत सासऱ्याच्या छातीवर नीट दिसतीय, तो समोर ठेवून आता टाके उसवायलोय.